बेल्ट ड्रेसिंगचा डबा, नुसता बेल्ट की अख्खं किट? चिरकणाऱ्या इंजिनावरच्या उपायांचं परीक्षण

स्पेअर पार्टच्या दुकानात "बेल्ट चिरकतोय" एवढंच सांगितलं, की काउंटरवर तीनपैकी एक वस्तू येते. हा बेल्ट म्हणजे इंजिनाच्या जोरावर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग), एसी वगैरे फिरवणारा रबरी पट्टा. वस्तू तीन: बेल्टवर मारायचा ड्रेसिंगचा चिकट स्प्रे, नाहीतर नुसता बेल्ट, नाहीतर बेल्ट, टेन्शनर (बेल्टला ताण देणारा भाग) आणि आयडलर (बेल्टला वाट देणारी मोकळी पुली) असं अख्खं किट. तिन्हींच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि कुठली वस्तू पुढे येईल हे बऱ्याचदा गाडीच्या दुखण्यापेक्षा गिऱ्हाईक किती घाईत आहे यावर ठरतं. खाली या तिन्हींचं परीक्षण आहे. चौथी एक वस्तू दुकानात मिळत नाही, ती म्हणजे इस्त्रीच्या कपड्यांवर मारायची पाण्याची फवारणीची बाटली. गुण द्यायचे तर सगळ्यात जास्त तिलाच द्यावे लागतील.

ड्रेसिंगचा स्प्रे: पाचपैकी अर्धा

पट्ट्याला काहीतरी फासायची कल्पना सोलापूरला नवी नाही. १८७७ साली इथे पहिली कापडगिरणी सुरू झाली. त्या जमान्यातल्या गिरण्यांत छताजवळच्या एका लांब शाफ्टवरून सपाट पट्टे खाली यंत्रांवर उतरायचे. चामड्याचा पट्टा कोरडा पडला की घसरायचा, मग त्याला राळ किंवा पट्ट्याचं मेण लावायचं. चामड्याला असा खुराक लागतच असे. 'ड्रेसिंग' हे नाव त्या सपाट पट्ट्यांचं आहे.

आजच्या गाडीत जो बेल्ट आहे त्याचं कूळच वेगळं. त्याच्या आतल्या बाजूला लांबीच्या दिशेने रिब, म्हणजे कंगोरे, असतात, पुलीवर तशाच खाचा असतात आणि रिब खाचेत पाचरीसारखी रुतते. पकड या पाचरीतून येते. चिकटपणाचा त्यात काही भाग नाही. रबरही ईपीडीएम जातीचं आहे. ते उष्णता चांगली सोसतं, पण पेट्रोलियम तेलं आणि द्रावकांशी त्याचं जमत नाही. स्प्रेच्या डब्यात नेमकं तेच असतं: चिकट पदार्थ आणि तो पातळ करणारा द्रावक. मारल्याबरोबर आवाज बंद होतो, हे खरं. मग द्रावक उडून जातो, मागे चिकट थर उरतो आणि होटगी रोडची असो की चिंचोळी एमआयडीसीची, सगळी धूळ त्या थरावर बसते. धूळ आणि चिकटा मिळून खाचेत लेप तयार होतो, रिब पूर्ण रुतत नाही आणि काही दिवसांत पहिल्यापेक्षा मोठा आवाज सुरू होतो. रिबवाल्या बेल्टला ड्रेसिंग मारू नका, असं बेल्ट बनवणाऱ्या कंपन्याच सांगतात.

शिवाय हिशेब बघा. चांगल्या स्प्रेचा डबा जेवढ्याला पडतो, जवळपास तेवढ्यात छोट्या पेट्रोल गाडीचा चार रिबचा नवा बेल्ट येतो. आणि डबा गाडीतच ठेवायची सवय असेल तर ती आधी मोडा. एरोसोलच्या डब्यावर ५० अंशांपेक्षा जास्त तापमानात ठेवू नका असं छापलेलं असतं. मे महिन्यात बाहेर ४३-४४ असताना काचा लावून उभी केलेली गाडी आतून हा आकडा सहज ओलांडते. डब्यातला द्रावक पेट घेणारा असतो, म्हणून गरम एक्झॉस्टच्या शेजारी इंजिन चालू असताना तो फवारणं हा दुसरा धोका.

अर्धा गुण दिलाय तो जुन्या सपाट पट्ट्यांसाठी. पिठाच्या गिरणीवर कॅनव्हासचा पट्टा असेल तर तिथे त्याचा उपयोग आहे. डब्ल्यूडी-४० सारख्या स्प्रेला मात्र तोही गुण नाही. तो बेल्टवर मारणं म्हणजे बेल्टला तेल लावणं. आवाज थांबतो, कारण बेल्ट आता आवाज न करता घसरतोय. आणि ज्याने आधी कुणाकडून तरी ड्रेसिंग मारून घेतलंय, त्याच्या गाडीत खरा दोष शोधणं अवघड होऊन बसतं, कारण आवाज हाच तर पुरावा होता.

पाण्याची बाटली: पाचपैकी पाच

इंजिन आयडलवर, म्हणजे रेस न देता, चालू ठेवा. आवाज येत असतानाच, बाजूला उभं राहून, फूटभर अंतरावरून बेल्टच्या रिबवाल्या बाजूवर साध्या पाण्याचे दोन-तीन फवारे मारा. अल्टरनेटरवर आणि गरम एक्झॉस्टवर पाणी जाऊ देऊ नका. पाण्याचा साठा जपून वापरणाऱ्या सोलापुरातही हे कुणाला जड जाणार नाही, अर्धी वाटी पुरते. मग काय होतं ते ऐका.

आवाज लगेच थांबला आणि बेल्ट कोरडा होताच परत आला, तर पुल्या एका रेषेत नाहीत. वाकड्या रेषेत धावणाऱ्या बेल्टची रिब खाचेच्या भिंतीला घासत आत शिरते, चिकटते आणि सुटते. त्या चिकटण्या-सुटण्याचा आवाज म्हणजे चिमणीसारखी चिवचिव. पाण्याने भिंत ओली झाली की घासणं मऊ होतं आणि चिवचिव थांबते.

आवाज वाढला, तर ताण कमी पडलाय. बेल्ट आधीच घसरत होता, पाण्याने उरलीसुरली पकडही गेली. हा आवाज चिवचिव नसतो, लांब किंकाळी असते. सकाळी गाडी चालू केल्यावर, एसी लावल्यावर, एकदम रेस दिल्यावर तो जोरात येतो.

काहीच फरक पडला नाही, तर बेल्टला सोडा. बेअरिंगकडे वळा.

या चाचणीचा एकच कमकुवतपणा आहे: बेल्टवर कूलंट, स्टीअरिंगचं तेल किंवा इंजिन ऑइल पडलेलं असेल तर उत्तर फसवं येतं. म्हणून आधी टॉर्च घेऊन बघा. रिब फुगलेल्या, मऊ किंवा तुळतुळीत चकचकीत दिसल्या तर बेल्ट तेल प्यायलाय. तो धुऊन उपयोग नाही, आधी गळती बंद करायची आणि मग बेल्ट बदलायचा. उलट क्रमाने केलं तर नवा बेल्टही तसाच होतो.

हात घालण्यापूर्वी दोन गोष्टी. ओढणी, उपरणं, मनगटातला दोरा, लांब बाह्या यांतलं काहीही चालू बेल्टजवळ नको. आणि इंजिन बंद असलं तरी रेडिएटरचा विजेवरचा पंखा गरम गाडीत आपोआप सुरू होऊ शकतो, म्हणून काम करायचं असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

आवाज मोजताही येतो

मेकॅनिक कानाने ओळखतो त्यामागे साधं गणित आहे आणि ते कुणालाही करता येतं. समजा क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य शाफ्टवरची, पुली १४० मिलिमीटर व्यासाची आहे. तिचा घेर साधारण ४४० मिलिमीटर. बेल्टवर ६पीके१७५० छापलंय, म्हणजे सहा रिब, पीके जातीचा, लांबी १७५० मिलिमीटर. क्रँकच्या एका फेऱ्यात बेल्ट ४४० मिलिमीटर सरकतो, म्हणजे बेल्टची एक पूर्ण फेरी व्हायला क्रँकचे जवळपास चार फेरे लागतात. ८०० आरपीएमला बेल्ट मिनिटाला २०० वेळा फिरतो, सेकंदाला तीनपेक्षा थोडं जास्त.

आता आवाज 'टिक, टिक, टिक' असा सेकंदाला तीन-साडेतीन वेळा, मोजता येईल असा येत असेल, तर दोष बेल्टवरच एका जागी आहे. रिबमध्ये रुतलेला खडा, तुटलेला तुकडा, उसवलेली कड. क्रँक पुलीचा दोष सेकंदाला तेरा वेळा ऐकू येईल, म्हणजे जवळजवळ सलग. ७० मिलिमीटरचा आयडलर क्रँकच्या दुप्पट वेगाने फिरतो, त्याची तर घरघरच होते. बेल्टच्या पाठीवर खडूने एक आडवी रेघ मारली की बेल्टचा फेरा डोळ्याने दिसतो आणि टिक त्याच्याशी जुळतेय का ते कळतं.

लोड देऊन बघणंही यातच आलं. एसी, हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर असं सगळं एकदम चालू करा. आवाज वाढला तर घसरण. एसीचा क्लच धरताना फक्त एक छोटी किंकाळी येऊन थांबली तर टेन्शनर म्हातारा झालाय. स्टीअरिंग टोकापर्यंत वळवून ऐकायची जुनी युक्ती तेलावर चालणाऱ्या पॉवर स्टीअरिंगलाच लागू पडते. हल्लीच्या बहुतेक छोट्या गाड्यांचं स्टीअरिंग विजेवर आहे, तिथे बेल्टचा संबंधच नाही. आणि तेलवाल्या स्टीअरिंगमध्ये वळताना हुंकारासारखा आवाज येत असेल तर बेल्टआधी तेलाची पातळी बघा.

बेअरिंग पकडायला महागडं यंत्र लागत नाही. मेकॅनिकचा स्टेथोस्कोप चांगलाच, पण लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हरही चालतो. टोक अल्टरनेटरच्या बॉडीवर, वॉटर बॉडीच्या (इंजिनात पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) न फिरणाऱ्या भागावर, आयडलर जिथे बसतो त्या ब्रॅकेटवर टेकवायचं आणि मूठ कानाच्या हाडाला. फिरणाऱ्या पुलीला किंवा तिच्या मधल्या बोल्टला टेकवायचं नाही, स्क्रू ड्रायव्हर हातातून फेकला जातो.

तरी शंका उरली तर बेल्ट काढून इंजिन चालू करणं हा शेवटचा निवाडा. आवाज गेला तर दोष बेल्टच्या वाटेवर आहे, राहिला तर इंजिनाच्या आत, म्हणजे टायमिंग चेन वगैरे. वॉटर बॉडी याच बेल्टवर असेल तर पाणी फिरत नाही, म्हणून अर्धं मिनिट पुरे, एक मिनिटाच्या वर नको. बॅटरीचा दिवा लागेल, घाबरू नका. मग इंजिन बंद करून एकेक पुली हाताने फिरवा. चांगला आयडलर हलकासा जड फिरतो आणि लगेच थांबतो, कारण आत ग्रीस आहे. भोवऱ्यासारखा फिरत राहिला तर ग्रीस संपलंय. गिऱ्हाइकाला हेच उलटं वाटतं: "बघा की, किती स्मूथ फिरतोय!" खरखर लागली, किंवा पुली पुढे-मागे धरून हलवल्यावर खटखट झाली, तर बेअरिंग गेलं.

वॉटर बॉडीच्या खाली एक बारीक भोक असतं. तिथे गुलाबी, हिरवा किंवा पांढरट खपला धरलेला दिसला तर आतलं सील गळतंय आणि बेअरिंग त्याच वाटेवर आहे. एसी कंप्रेसरची पुली एसी बंद असताना मोकळी फिरायला हवी, मधला हब स्थिर. अनेक डिझेल गाड्यांत अल्टरनेटरची पुली एकाच दिशेला पकडते आणि उलट दिशेला मोकळी सुटते. ती दोन्हीकडे जाम झाली की बेल्ट फडफडतो, टेन्शनरचा आर्म थरथरतो आणि सगळे टेन्शनर बदलत बसतात. दोन्हीकडे मोकळी झाली की चार्जिंगच जातं. ही पुली तपासायला प्लास्टिकची टोपी काढून आतल्या शाफ्टला बसणारं खास सॉकेट लागतं, साधा पाना चालत नाही.

क्रँकच्या पुलीत आतला हब आणि बाहेरची कडी यांच्यात रबराचा थर असतो. तो थर सुटला की कडी हळूहळू सरकते आणि डुलते. हबपासून कडीपर्यंत एक सरळ रेघ मारून ठेवा, आठवडाभराने बघा. रेघ तुटलेली दिसली तर पुली बदलायचीच.

नुसता बेल्ट: पाचपैकी तीन, अटींसह

पाण्याने घसरण दाखवली, टेन्शनर ठणठणीत आहे आणि बेल्ट झिजलाय, तर नुसता बेल्ट पुरतो. बेल्ट झिजलाय हे ओळखण्यातच खरी गंमत आहे. जुने निओप्रिनचे बेल्ट तडकायचे आणि साधारण तीन इंचांत एकाच रिबवर तीन भेगा दिसल्या की बदला, असा नियम होता. ईपीडीएम सहसा तडकत नाही. तो टायरसारखा झिजतो. रिबमधली दरी रुंद आणि खोल होत जाते, मग पुलीच्या खाचेचं टोक दरीच्या तळाला टेकतं आणि पाचर रुतायची बंद होते. पावसाळ्यात अशा बेल्टला पाणी निसटायला जागाच उरत नाही, म्हणून पाण्यातून गाडी गेली की किंचाळी. लाखभर किलोमीटर झालेला बेल्ट हातात घेऊन "भेगा नाहीत, अजून चालेल" म्हणणारा माणूस वीस वर्षांपूर्वीचा नियम लावतोय. बेल्टची झीज मोजायचा प्लास्टिकचा छोटा गेज मिळतो, तो दरीत बसवून बघायचा. गेज नसेल तर त्याच नंबरचा नवा बेल्ट शेजारी धरा, फरक बोटालाच कळतो.

बाजारात गेट्स, कॉन्टिटेक, फेनर असे बेल्ट मिळतात. यांतला कुठलाही खरा बेल्ट आणि योग्य नंबर असेल तर आवाजाच्या बाबतीत फार डावं-उजवं नाही. खरं आणि खोटं मात्र बघायलाच हवं. पाठीवरची छपाई नखाने खरवडून निघत असेल, रिबच्या कडांना रबराचे धागे लोंबत असतील, पाकिटावरचा आणि बेल्टवरचा नंबर वेगळा असेल, तर तो परत द्या. नंबरमध्ये "दहा मिलिमीटरने काय होतंय" हे ऐकू नका. टेन्शनरचा आर्म ठरावीक मर्यादेतच फिरतो. लांब बेल्टने आर्म त्या मर्यादेच्या टोकाला जातो आणि ताण कमी पडतो. रिबची संख्याही तशीच. पीके बेल्टच्या दोन रिबमधलं अंतर ३.५६ मिलिमीटर, म्हणजे सहा रिबचा बेल्ट साधारण २१.४ मिलिमीटर रुंद. पाच रिबचा बेल्ट सहा खाचांच्या पुलीवर बसतो खरा, पण भार त्याला पेलत नाही.

बसवताना सगळ्यात जास्त होणारी चूक: बेल्ट एक खाच सोडून बसणं. कड पुलीच्या बाहेर लोंबते, उसवते आणि उसवलेला धागा काही इंजिनांत क्रँक पुलीच्या मागून टायमिंग कव्हरमध्ये शिरतो. तिथून पुढचं बिल बेल्टचं राहत नाही. म्हणून बेल्ट चढवल्यावर प्रत्येक पुलीवर बोट फिरवून कडा मोजा आणि क्रँक हाताने, पान्याने, फिरण्याच्या दिशेलाच दोन पूर्ण फेरे फिरवून परत बघा. किल्ली त्यानंतर. जुना बेल्ट काढण्यापूर्वी मोबाइलने वाटेचा फोटो काढून ठेवणं हे सांगायला नको, तरी सांगतो.

पुल्यांच्या खाचा बेल्ट निघालेला असतानाच साफ करायच्या. नायलॉनचा ब्रश, फडक्यावर ब्रेक क्लीनर. पॉलिश पेपरने खाच घासायची नाही. त्याने पुली खरखरीत होते आणि नवा बेल्ट खाते.

काही गाड्यांत एसीचा बेल्ट टेन्शनरशिवाय, नुसत्या ताणून बसवण्याच्या जातीचा असतो. तो काढताना कापायचा असतो आणि बसवायला साधन लागतं. स्क्रू ड्रायव्हरने रेटून बसवला तर आतले दोरे तुटतात. बाहेरून काही दिसत नाही आणि महिन्या-दोन महिन्यांत बेल्ट सुटतो. एकदा काढलेला असा बेल्ट परत बसवायचा नाही.

हाताने ताण द्यायच्या जुन्या गाड्यांत आणि ट्रॅक्टरमध्ये उलटी चूक होते. आवाज नको म्हणून बेल्ट तंबोऱ्याच्या तारेसारखा आवळतात. आवाज जातो, आणि काही महिन्यांनी अल्टरनेटरचं किंवा वॉटर बॉडीचं पुढचं बेअरिंग बोलू लागतं. अंगठ्याने दाबून बघणं अंदाजापुरतं ठीक, आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या. नवा बेल्ट दहा-पंधरा मिनिटं चालला की थोडा बसतो, मग ताण पुन्हा तपासायचा. ही दुसरी तपासणी बहुतेक ठिकाणी होतच नाही. ट्रॅक्टरच्या व्ही-बेल्टची पाठ पुलीच्या वरच्या काठाशी बरोबरीने हवी. तो आत बुडाला असेल आणि खाचेचा तळ चकाकत असेल, तर कितीही आवळा, तो घसरणारच.

अख्खं किट: पाचपैकी साडेचार

टेन्शनर हा या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. आतल्या स्प्रिंगवर त्याचं काम चालतं आणि थरथर आवरायला आत घर्षणाची बुशिंग असते. स्प्रिंग थकते, बुशिंग झिजते. सोलापूरची धूळ आणि बॉनेटखालची उष्णता यांत बुशिंग आधी जाते, असा इथल्या कामाचा अंदाज. बुशिंग झिजली की आर्म थोडा तिरका बसतो, त्याची पुली रेषेतून सरकते आणि मग ताण आणि रेषा दोन्ही एकदम बिघडतात. पाण्याच्या चाचणीत कधी आवाज थांबतो, कधी वाढतो, असा गोंधळ दिसला तर आधी टेन्शनरवर संशय घ्या.

तपासायचं असं. इंजिन आयडलवर असताना आर्म जवळजवळ स्थिर दिसायला हवा. डोळ्याला स्पष्ट नाचताना दिसला तर तो गेलाय, किंवा अल्टरनेटरची एकदिशा पुली जाम आहे, तेवढं आधी बघा. आर्मच्या सांध्याभोवती लालसर गंजाची भुकटी दिसली, तर आत धातूवर धातू घासतोय. इंजिन बंद करून लांब दांड्याच्या पान्याने आर्म पूर्ण फिरवा आणि हळू सोडा. अडकत, झटके देत आला तर बदला. बऱ्याच टेन्शनरवर खुणा असतात आणि काटा दोन खुणांच्या मध्ये हवा. बाहेर असेल तर बेल्ट चुकीच्या लांबीचा आहे किंवा झिजलाय.

मजुरीचा हिशेब किटच्या बाजूने जातो. नुसता बेल्ट बदलायलाही टेन्शनर दाबावाच लागतो आणि आडव्या इंजिनाच्या गाडीत बऱ्याचदा उजवं चाक आणि आतलं प्लास्टिक उतरवावं लागतं. तेच काम सहा महिन्यांनी टेन्शनरसाठी परत करायचं म्हणजे तीच मजुरी दोनदा. गाडीने लाखभर किलोमीटर केले असतील आणि मूळ टेन्शनर असेल तर किटच घ्या. अर्धा गुण कापलाय तो एवढ्यासाठी, की किट घेतलं म्हणून अल्टरनेटर, वॉटर बॉडी, कंप्रेसर यांची बेअरिंगं आपोआप बरी होत नाहीत. बऱ्याच किटमध्ये वॉटर बॉडी नसतेच. हाताने फिरवून बघितल्याशिवाय हजारोंचं किट बसवलं आणि खरखर अल्टरनेटरची निघाली, तर दोष किटचा नाही.

इथे एक स्वस्त वाट आहे आणि ती बरोबर वापरली तर चांगली आहे. यंत्रमाग आणि कारखान्यांच्या या गावात बेअरिंग मिळायला अडचण नाही. पत्र्याच्या किंवा लोखंडी आयडलरमध्ये बऱ्याचदा ६२०३ नंबरचं बेअरिंग असतं: आतला व्यास १७, बाहेरचा ४०, रुंदी १२ मिलिमीटर. दाबून काढायचं, दाबून बसवायचं. पण मापं जुळली म्हणजे काम झालं असं नाही. इंजिन ३००० आरपीएमला असताना तो छोटा आयडलर ६००० ला फिरतो, तोही इंजिनाच्या उष्णतेत. म्हणून दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं, म्हणजे '२आरएस' लिहिलेलं, सी३ क्लिअरन्सचं (आत नेहमीपेक्षा थोडी जास्त मोकळीक असलेलं) आणि जास्त तापमानाचं ग्रीस असलेलं बेअरिंग मागा. पत्र्याच्या झाकणाचं 'झेडझेड' धुळीत टिकत नाही. बसवताना दाब बाहेरच्या कडीवर द्या, आतल्या कडीवर ठोकलं तर नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी खरखरतं. प्लास्टिकच्या आयडलरमध्ये बेअरिंग साच्यातच बसवलेलं असतं, तिथे ही खटपट करू नका. आणि काढताना लक्षात असू द्या, काही आयडलरच्या बोल्टचे आटे उलटे असतात. जोर लावण्यापूर्वी बघा.

पाण्याने आवाज थांबला असेल, म्हणजे दोष रेषेचा असेल, तर मात्र किटही आंधळेपणाने घेऊ नका. स्टीलची सरळ पट्टी दोन पुल्यांच्या तोंडांवर लावा. फूटभराच्या अंतरात दीड मिलिमीटरहून जास्त सरक नको. पुल्यांच्या तोंडांची जाडी वेगळी असेल तर मोजणी खाचेपासून करायची. अशा गाडीचा इतिहास विचारला तर बहुधा नुकताच अल्टरनेटर उतरवलेला असतो आणि परत बसवताना एखादा वॉशर किंवा बूश खालीच राहिलेला असतो. नाहीतर दुसऱ्या मॉडेलचा आयडलर बसवलेला असतो, दिसायला तोच, पण दोन मिलिमीटर पुढे. हा दोष एका वॉशरने सुटतो.

गॅरेजला गाडी द्यायची असेल तर, मग ते अक्कलकोट रोडवरचं असो की जुळे सोलापुरातलं, तीन प्रश्न आधी विचारा: पाणी मारून बघितलं का, बेल्ट काढून पुल्या हाताने फिरवल्या का, आणि टेन्शनरचा काटा कुठे आहे. उत्तर "आधी किट टाकून बघू" असं आलं तर चावी खिशातच ठेवा. काम झाल्यावर जुना बेल्ट, टेन्शनर, आयडलर मागून घ्या. टेन्शनर हातात फिरवला की तो खरंच गेलेला होता का ते कळतं.

दुरुस्ती दुपारच्या उन्हात झाली असेल तर पैसे देताना आवाज नसतोच. घसरणारा बेल्टही तापलेल्या कोरड्या हवेत गप्प बसतो. दुसऱ्या दिवशी पहाटे, गाडी रात्रभर थंड झालेली असताना, हेडलाइट, ब्लोअर आणि एसी लावून चालू करा आणि पहिला मिनिटभर बॉनेट उघडं ठेवून ऐका. चिरकलाच, तर टेन्शनरचा काटा खुणांच्या मध्ये आहे का ते बघा, फोटो काढा आणि मग गॅरेजला फोन लावा.